लोक काय म्हणतात? : पाहण्यांतून दिसणारें लोकमत

“लोक काय म्हणतील?” हा प्रश्न कधींच ऐकूं आला नाहीं असें मराठी घर शोधूनहि सांपडणार नाहीं. मुलीला परगांवीं शिकावयास पाठवावयाचें असो, घरांतील कोणाचें मन ठिकाणावर नसल्यामुळें त्यास मानसरोगतज्ज्ञाकडे न्यावयाचें असो, अथवा मुलानें जातीबाहेरची मुलगी पसंत केलेली असो, हे तीन शब्द मध्यें येऊन उभे राहतात आणि पुष्कळ वेळां सर्व वादविवाद तेथेंच संपतो. मौज अशी कीं, हे ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, त्यांची संख्या किती, आणि ते खरोखरीच काय म्हणतात, याची चौकशी मात्र कोणी करीत नाहीं. आळींतील दोन वडीलधारीं माणसें, नात्यांतील एखादी तोंडाळ आत्या, आणि आपल्याच मनांतील भीति, एवढ्यांची मिळून जी बेरीज होते तिलाच आपण लोकमत समजतों.

परंतु गेल्या तीन दशकांत आपल्या देशांत ही चौकशी शास्त्रीय रीतीनें झालेली आहे. लक्षावधि घरांच्या दारांत जाऊन, ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारून, मिळालेलीं उत्तरें मोजण्यांत आलीं आहेत. आरोग्य, संतति, स्त्रीपुरुषसंबंध, जातिभेद अशा नाजूक विषयांवर आपले देशबांधव काय बोलतात हें आतां आंकड्यांनीं सांगतां येतें. हे आंकडे कांहीं ठिकाणीं समाधान देतात, कांहीं ठिकाणीं मान खालीं घालावयास लावतात. त्यांचा नीट अर्थ कसा लावावा, आणि सुशिक्षित कुटुंबांनीं त्यांपासून काय घ्यावें, याचा विचार करण्याचा या लेखांत प्रयत्न आहे.

शितावरून भाताची परीक्षा

एवढ्या अफाट देशांतील कांहीं लक्ष लोकांस विचारून सर्वांचें मत कसें कळावें, अशी शंका सहज येते. पण शितावरून भाताची परीक्षा करण्याची कला आमच्या वाचक-भगिनींस समजावून सांगावयास नको. मात्र त्यांतील मर्म असें कीं, शीत कोठून उचललें याला महत्त्व असतें. वरचेंच शीत चेपून पाहिलें तर तळाचा भात कच्चा राहिला कीं करपला हें कळणार नाहीं. पाहणीचें शास्त्र म्हणजे हें शीत उचलण्याचें शास्त्र होय. प्रथम गांवें आणि शहरांतील वस्त्या चिठ्ठ्या टाकाव्या तशा निःपक्षपाती पद्धतीनें निवडावयाच्या. मग तेथील सर्व घरांची यादी करून त्यांतून कांहीं घरें त्याच पद्धतीनें काढावयाचीं. आवडतें घर घ्यावें आणि कुत्रा भुंकतो म्हणून दुसरें सोडावें, ही मुभा पाहणी करणारास नसते.

महाराष्ट्राला ही विद्या अगदीं परकी नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची कसून पाहणी करून तिचा वृत्तांत १९१७ सालीं प्रसिद्ध केला. १९३० मध्यें पुण्यांत स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत प्रो. धनंजयराव गाडगीळ यांनीं खुद्द पुणें शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हातीं घेतली आणि तिचा पहिला भाग १९४५ सालीं बाहेर आला. परंतु या पाहण्यांचा मुख्य रोख जमीन, कर्ज, धंदा आणि उत्पन्न यांवर होता. माणसाचें मन मोजण्याची वेळ पुढें आली.

आज या कामांत अग्रेसर असलेली संस्था मुंबईंतच देवनार येथें आहे. १९५६ सालीं स्थापन झालेल्या या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें भारत सरकारच्या वतीनें ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी’ चालविली. तिची पहिली फेरी १९९२-९३ सालीं झाली. पांचवी २०१९ ते २०२१ या काळांत, म्हणजे कोरोनाच्या सांथीनें मध्यें खंड पडूनहि, पुरी झाली. त्या पांचव्या फेरींत ६,३६,६९९ घरांतील ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष यांना प्रश्न विचारण्यांत आले. निवडलेल्या प्रत्येक वस्तींतून २२ घरें घ्यावयाचीं, असा त्यांचा नियम होता. इतक्या शितांनंतर भात शिजला कीं नाहीं याविषयीं बोलण्यास आपणांस अधिकार पोंचतो.

जें उच्चारणेंहि पाप होतें

आधीं समाधानाची गोष्ट पाहूं. प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचा सल्ला देणारें केंद्र उघडलें आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक चालविलें. या कार्यापायीं त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि सभ्य म्हणविणाऱ्या समाजानें त्यांच्याकडे पाठ फिरविली. त्या काळीं कोणी दारोदार जाऊन “आपणांस किती मुलें हवींत?” असें विचारलें असतें, तर “देवाची इच्छा” याहून निराळें उत्तर क्वचितच मिळालें असतें.

आतां तोच प्रश्न सरकारी पाहणींत सरळ विचारला जातो आणि बहुतेक लोक तितकेंच सरळ उत्तर देतात. सरासरीनें लोकांस दोनच मुलें हवीं असतात. आणि येथें वाणी व करणी यांचा मेळहि बसतो. १९९२-९३ च्या सुमारास भारतीय स्त्रीला सरासरीनें ३.४ मुलें होत असत. २०१९-२१ च्या पाहणींत हें प्रमाण २.० वर आलें, आणि महाराष्ट्रांत तर तें १.७ इतकें उतरलें. त्याच काळांत रुग्णालयांत होणाऱ्या बाळंतपणांचें प्रमाण शेंकडा २६ वरून शेंकडा ८९ पर्यंत चढलें. बाळंतिणीच्या खोलींतील अंधार, कोंदट हवा आणि सुइणीचा गंजका विळा यांपायीं किती तरुण जीव गेले याचा हिशेब आपल्या प्रत्येक घराण्यांत आहे. तें संकट एका पिढींत इतकें ओसरावें, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र याच पानाच्या पाठीमागची बाजू पाहणीनें झांकून ठेवलेली नाहीं. संततिनियमनाचा भार कोणीं उचलला? २०१९-२१ मध्यें विवाहित जोडप्यांपैकीं शेंकडा ३८ जोडप्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषाची शस्त्रक्रिया झालेलीं जोडपीं शेंकडा अर्धेंहि नव्हतीं, हजारांत अवघीं तीन! वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची असते. परंतु शेंकडा ३५ पुरुषांनीं पाहणी करणारास स्पष्ट सांगितलें कीं, संततिनियमन हा बायकांचा विषय आहे, पुरुषानें त्याची काळजी करण्याचें कारण नाहीं. कर्व्यांना जी लढाई लढावी लागली ती अर्धीच जिंकली गेली आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हवीशी लेक आणि हरवलेल्या लेकी

यापुढें वाणी आणि करणी यांच्या वाटा फुटूं लागतात. अमेरिकेंतील ‘प्यू’ या संशोधनसंस्थेनें २०१९ च्या नोव्हेंबरपासून २०२० च्या मार्चपर्यंत भारतांतील सुमारें ३०,००० प्रौढ स्त्रीपुरुषांच्या, सतरा भाषांतून, समक्ष मुलाखती घेतल्या. कुटुंबांत निदान एक मुलगा असणें अत्यंत महत्त्वाचें आहे असें शेंकडा ९४ लोकांनीं सांगितलें. आणि निदान एक मुलगी असणें अत्यंत महत्त्वाचें आहे असेंहि शेंकडा ९० लोकांनीं सांगितलें. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले तर वाटावें कीं, मुलगा आणि मुलगी यांत या देशांत भेद उरलेलाच नाहीं.

पण खानेसुमारीचा आंकडा निराळीच कथा सांगतो. २००१ सालीं महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें ९१३ मुली होत्या. २०११ सालीं त्या ८९४ च उरल्या. गर्भाचें लिंग ओळखण्याच्या परीक्षांस आळा घालणारा कायदा देशांत प्रथम महाराष्ट्रानेंच १९८८ सालीं केला, आणि तरीहि ही स्थिति! शिवाय २००१ सालीं हें प्रमाण कोल्हापूर जिल्ह्यांत ८३९ आणि सांगली जिल्ह्यांत ८५१ असें अतिशय घसरलेलें होतें. हे जिल्हे कांहीं मागासलेले नव्हेत. ऊंस, साखर, सहकार, शाळा-कॉलेजें यांनीं समृद्ध झालेला हा मुलूख. गर्भपरीक्षेस पैसा लागतो आणि डॉक्टर लागतो. ज्यांच्यापाशीं दोन्ही होते त्यांच्याच घरीं पाळणे अधिक रिकामे राहिले.

प्यूच्या त्याच पाहणींत आणखी एक प्रश्न होता. कुटुंबांत मुलामुलींच्या संख्येचा मेळ घालण्यासाठीं आधुनिक तपासणीचा उपयोग करून घेणें ग्राह्य आहे काय? प्रश्नाची भाषा किती सौम्य आहे पाहा! तिच्यांत हत्या हा शब्द नाहीं, गर्भपात हाहि नाहीं. या सौम्य प्रश्नास शेंकडा ४० लोकांनीं कमीअधिक होकार दिला, आणि शेंकडा ४२ लोकांनीं तें सर्वस्वीं अग्राह्य ठरविलें. “मुलगी हवी काय?” असें विचारलें तर जवळ जवळ सर्वच ‘हो’ म्हणतात, “मेळ घालावा काय?” असें विचारलें कीं पांचांपैकीं दोघांचा होकार बाहेर येतो. दोन्ही उत्तरें खोटीं नव्हेत. तीं एकाच मनाच्या दोन निरनिराळ्या दारांतून आलेलीं आहेत.

प्रश्न कसा विचारला?

यावरून पाहणीच्या कामांतील एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येते, ती ही कीं, उत्तर पुष्कळसें प्रश्नावर अवलंबून असतें. शौचकूपाच्या पाहणीचें उदाहरण याबाबतींत बोधप्रद आहे. अनेक वर्षें सरकारी पाहण्यांत असें विचारीत कीं, “आपल्या घरीं शौचकूप आहे काय?” आणि घर मोजलें जाई. २०१३-१४ सालीं कांहीं संशोधकांनीं बिहार, हरयाणा, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या पांच राज्यांतील ३,२३५ ग्रामीण घरांत निराळी रीत वापरली. घरांतील एकेका माणसाचें नांव घेऊन, तो बाहेर जातो कीं शौचकूप वापरतो, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां दिसून आलें कीं, ज्या घरीं चालू स्थितींतील शौचकूप आहे अशा शेंकडा ४० हून अधिक घरांत निदान एक तरी माणूस उघड्यावर जात होता.

कारण विचारलें असतां उघड्यावर जाणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं, बाहेर जाणें सुखाचें व सोयीचें वाटतें, असें निःसंकोच सांगितलें. घराजवळ खड्डा असावा आणि पुढें तो भरल्यावर उपसावा लागावा, ही कल्पनाच त्यांस किळसवाणी वाटे. तें काम आपलें नव्हे, विशिष्ट जातीचें आहे, असा शतकानुशतकांचा संस्कार त्यामागें उभा होता. म्हणजे प्रश्न निघाला आरोग्याचा आणि उत्तर सांपडलें सोवळ्याओवळ्यांत. लहान मुलांचे जुलाब, खुंटलेली वाढ, पोटांतील जंत यांचें मूळ नुसत्या दारिद्र्यांत शोधणारास हें उत्तर कधींच मिळालें नसतें. विटा आणि सिमेंट पुरविणें सोपें असतें. शुद्धाशुद्धतेची समजूत बदलणें कठीण.

मार खाण्यास योग्य कारण

आतां ज्या प्रश्नाचें उत्तर वाचून मन विषण्ण होतें त्याकडे वळूं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सात प्रसंग सांगून, अशा प्रसंगीं नवऱ्यानें बायकोस मारणें योग्य आहे काय, असें विचारण्यांत येतें. ती न सांगतां घराबाहेर गेली. तिनें घराकडे अथवा मुलांकडे दुर्लक्ष केलें. तिनें उलट उत्तर दिलें. तिनें शय्येस नकार दिला. स्वयंपाक नीट केला नाहीं. तिच्या शीलाविषयीं त्यास संशय आला. किंवा तिनें सासूसासऱ्यांचा मान राखला नाहीं.

२०१९-२१ मध्यें या सातांपैकीं निदान एका कारणासाठीं मारणें योग्य आहे असें शेंकडा ४४ पुरुषांनीं सांगितलें. आणि स्त्रियांनीं? शेंकडा ४५! म्हणजे मारणारांहून मार खाणारांचा होकार तिळभर अधिकच. कर्नाटकांत शेंकडा ७७ स्त्रिया आणि ८२ पुरुष, तेलंगण व आंध्र प्रदेशांत शेंकडा ८४ स्त्रिया या मताच्या निघाल्या. हिमाचल प्रदेशांत मात्र शेंकडा १५ च. आपल्या महाराष्ट्राचा आंकडा शेंकडा ४४. साक्षरतेंत सर्व देशांत अग्रभागीं असणाऱ्या केरळांतहि निम्म्याहून अधिक, शेंकडा ५२ स्त्रियांनीं होकार दिला. अक्षरओळख झाली म्हणजे विचार आपोआप बदलतो, असें मानणारांनीं या आंकड्याजवळ थोडें थांबावें.

सातांपैकीं कोणतें कारण स्त्रियांस सर्वांत अधिक पटलें हेंहि पाहण्यासारखें आहे. तें शीलाचा संशय नव्हे, स्वयंपाक बिघडणेंहि नव्हे. सासूसासऱ्यांचा अनादर हें तें कारण. सुमारें एक-तृतीयांश स्त्रियांनीं तें मान्य केलें. यांत सुनाहि आल्या आणि उद्यांच्या सासवाहि आल्या. घराची घडी मोडूं नये म्हणून सुनेनें सोसावें, ही शिकवण पुरुषापेक्षांहि एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे अधिक निष्ठेनें पोंचविली जाते, हें कबूल केलें पाहिजे.

प्रत्यक्ष मारहाणीविषयीं विचारतांना या पाहणींत विशेष दक्षता घेतात. एका घरांतील एकाच स्त्रीस हे प्रश्न विचारावयाचे, तिसरें माणूस ऐकण्याच्या अंतरावर नाहीं अशी खात्री करून घ्यावयाची, आणि एकांत मिळाला नाहीं तर तो भाग तेथेंच सोडून द्यावयाचा, असा दंडक आहे. अशा एकांतांत विवाहित किंवा एकदां विवाह झालेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा २९ स्त्रियांनीं, नवऱ्याकडून शारीरिक अथवा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें. आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ७७ जणींनीं तोपर्यंत ना कोणाची मदत मागितली होती, ना कोणास एका शब्दानें सांगितलें होतें. आईला नाहीं, बहिणीला नाहीं, शेजारणीला नाहीं. कौटुंबिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ सालीं झाला. पण जी गोष्ट योग्यच आहे असें निम्म्या समाजास वाटतें, तिच्याविरुद्ध तक्रार करावयास उठणार तरी कोण?

या विषयाचा आरोग्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. त्याच पाहणींत असें दिसलें कीं, बाजारांत, दवाखान्यांत आणि गांवाबाहेर अशा तिन्ही ठिकाणीं एकटीनें जाण्याची मोकळीक शेंकडा ४२ स्त्रियांनाच होती. आणि शेंकडा ५७ स्त्रियांच्या अंगीं पुरेसें रक्त नव्हतें. २०१६ सालीं दूरध्वनीवरून केलेल्या दुसऱ्या एका पाहणींत दिल्लींतील सुमारें एक-तृतीयांश स्त्रियांनीं आणि उत्तर प्रदेशांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं, आपल्या घरीं पुरुषांचें जेवण झाल्यावर बायका जेवतात, असें सांगितलें. जी मागाहून जेवते, उरलेंसुरलें खाते, दवाखान्यास जावयाचें तर परवानगीची वाट पाहते, आणि मार बसला तर चूक आपलीच असेल असें समजते, तिचें दुखणें केवळ लोहाच्या गोळ्यांनीं बरें कसें व्हावें?

स्वयंपाकघराचा उंबरठा

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस वरील आंकडे वाचून वाटेल कीं, हें दुसऱ्या वर्गाचें वर्णन आहे. आपल्या घरीं कोणी हात उगारीत नाहीं आणि बायका पंक्तीस बरोबरीनें बसतात. तसें असेल तर आनंदच आहे. पण पुढचा आंकडा आपल्याच अंगणांतला आहे.

दिल्लीची राष्ट्रीय व्यावहारिक आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेंतील मेरिलंड विश्वविद्यालय यांनीं मिळून २०११-१२ सालीं देशांतील ४२,००० हून अधिक घरांची पाहणी केली. तींत अस्पृश्यतेविषयीं दोन पायऱ्यांनीं विचारण्यांत आलें. पहिला प्रश्न : “आपल्या घरीं कोणी अस्पृश्यता पाळतें काय?” जे ‘नाहीं’ म्हणाले त्यांना दुसरा प्रश्न : “अनुसूचित जातीचा मनुष्य आपल्या स्वयंपाकघरांत आला किंवा त्यानें आपलीं भांडीं वापरलीं तर अडचण वाटेल काय?” या दोहोंपैकीं एकास तरी ‘होय’ म्हणणारीं घरें सबंध देशांत शेंकडा २७ निघालीं. ब्राह्मणांच्या घरांत हें प्रमाण शेंकडा ५२ होतें. राज्यघटनेनें अस्पृश्यता १९५० सालींच नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्यानें ती शिक्षेस पात्र ठरविली. त्यानंतर अर्धशतक उलटून गेल्यावरचें हें उत्तर आहे.

राज्यवार आंकडे पाहतां मध्य प्रदेशांत शेंकडा ५३, राजस्थान व बिहारांत शेंकडा ४७, आणि महाराष्ट्रांत केवळ शेंकडा ४ असें प्रमाण आढळलें. हा अल्प आंकडा वाचून मराठी मनास अभिमान वाटणें स्वाभाविक आहे, आणि त्यांत कांहीं तथ्यहि असलें पाहिजे. महात्मा फुल्यांनीं आपला पाण्याचा हौद ज्या भूमींत सर्वांस मोकळा केला, डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ज्या भूमींत ओंजळींत घेतलें, तेथें ‘आम्ही शिवाशीव पाळतों’ असें परक्या माणसास सांगावयाची लाज वाटावी, हा त्या थोर पुरुषांच्या झगड्याचाच विजय होय.

पण लाज वाटणें आणि भेद नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. धुणेंभांडीं करणाऱ्या बाईचा कप कट्ट्याच्या कोपऱ्यांत वेगळा ठेवण्याची चाल पुष्कळ सुशिक्षित घरांत आहे, आणि तिला कोणी अस्पृश्यता म्हणत नाहीं, ‘स्वच्छता’ म्हणतात. प्यूच्या पाहणींत शेंकडा ७२ लोकांनीं दलित शेजारी चालेल असें सांगितलें. पण शेंकडा ६४ लोकांना स्त्रियांचे आणि शेंकडा ६२ लोकांना पुरुषांचे जातीबाहेरचे विवाह थांबविणें अत्यंत महत्त्वाचें वाटलें. प्रत्यक्षांत २०११-१२ च्या पाहणींत आंतरजातीय विवाह शंभरांत सुमारें पांचच आढळले. शेजारी म्हणून चालतो, व्याही म्हणून चालत नाहीं. ओटीवर येऊं द्यावा, माजघरांत नको. भेदाची रेषा पुसली गेलेली नाहीं, ती चार पावलें आंत सरकली आहे.

आंकड्यांचा खरा अर्थ

या सर्वांतून काय निष्पन्न होतें? कित्येकांचें म्हणणें असें कीं, लोक पाहणी करणारापुढें खोटें बोलतात, सबब हे आंकडे निरुपयोगी आहेत. दुसरे कित्येक उलट टोंकास जाऊन प्रत्येक आंकडा ब्रह्मवाक्य मानतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. परक्या माणसानें दारांत उभें राहून प्रश्न विचारला असतां आपण जें उत्तर देतों त्यांत, आपण काय करतों याहून, काय बोलावयास आपणांस लाज वाटत नाहीं, हें अधिक स्पष्ट दिसतें. पाहणी वागणूक थोडीबहुत मोजते. पण समाजाची लाज ती फार चांगली मोजते.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे आंकडे बोलूं लागतात. मुलगी नको असें म्हणावयाची आज लाज वाटते. मेळ घालण्याची वाटत नाहीं. शिवाशीव पाळतों असें सांगण्याची महाराष्ट्रांत लाज वाटते. सून जातीचीच हवी असें सांगण्याची वाटत नाहीं. आणि बायकोस निदान एका कारणासाठीं मारणें योग्य आहे असें अनोळखी माणसास सांगतांना शंभरांतील चव्वेचाळीस पुरुषांस यत्किंचितहि संकोच होत नाहीं. ज्या दुष्कृत्याची कबुली लोक न लाजतां देतात, त्याच्या मुळाशीं अद्याप कोणी हात घातलेला नाहीं असें खुशाल समजावें.

यांत निराश होण्याचें मात्र कारण नाहीं, कारण लाज बदलते. २००५-०६ सालीं मारहाणीस होकार देणाऱ्या स्त्रिया शेंकडा ५४ होत्या, २०१५-१६ सालीं ५२, आणि २०१९-२१ सालीं ४५. पुरुषांचें प्रमाण ५१ वरून ४२ वर उतरून पुन्हा ४४ वर गेलें, म्हणजे वाट सरळ नाहीं. पण ती चालून गेलेली वाट आहे. कर्व्यांच्या वेळीं जें उच्चारणें निर्लज्जपणाचें होतें तें शंभर वर्षांच्या आंत घरोघरचा व्यवहार झालें. लाजेची जागा बदलण्याचें तें काम पुस्तकांनीं, मासिकांनीं, कायद्यानें आणि त्याहून अधिक एकेका कुटुंबांतील धीट माणसांनीं केलें.

मग आपण काय करावें? पहिली गोष्ट अगदीं साधी आहे. पाहणी करणारी बाई दारांत आली तर तिला परत पाठवूं नये. आणि तिनें घरांतील सुनेशीं अथवा मुलीशीं एकांतांत बोलावयाचें आहे असें म्हटलें तर सासूनें, नवऱ्यानें व वडिलांनीं निमूटपणें दुसऱ्या खोलींत जावें. त्या अर्ध्या तासाच्या एकांतावर एक खरें उत्तर अवलंबून असतें, आणि कदाचित् एका स्त्रीचें पहिलें बोलणेंहि. दुसरी गोष्ट त्याहून अवघड. पाहणींतले हेच प्रश्न वडीलधाऱ्यांनीं एखाद्या रविवारीं जेवणानंतर आपल्याच घरांत विचारावे, आणि पहिलें उत्तर घरांतील सर्वांत धाकट्या सुनेस अथवा मुलीस देऊं द्यावें. वेगळा कप कां आहे? तुला एकटीला डॉक्टरकडे जातां येतें काय? मुलानें जातीबाहेर लग्न केलें तर आपण काय बोलूं? या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याहि अहवालांत छापून येणार नाहींत. पण देशाचे आंकडे शेवटीं अशाच घरांच्या बेरजेनें बनतात.

आणि ‘लोक काय म्हणतील’ हा धाक ज्यांना अजून वाटतो त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, लक्षावधि घरांच्या या पाहणींत जे ‘लोक’ मोजले गेले ते कोणी निराळे नव्हते. चिठ्ठी निघाली असती तर त्यांत आपलेंहि घर असतें, आणि आपलें उत्तर त्या लोकमतांत मिळालें असतें. तें उत्तर कसें असावें, हें ठरविणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.